हात न धरता

सोहार बंदरामागची शेड, सकाळचे सहा,
पत्रा अजून तापायचाय.
मी तिला पहिल्यांदा सांगितलं ते एवढंच :
हुकाकडे नको, हुकाच्या तोंडाकडे बघ.
ओझी उचलून उचलून ते वासत जातं,
थकल्या माणसाचं वासतं तसं.
गेज लाव. अडलं तर हुक अजून कामाचा.
आत गेलं तर लाल टॅग.

शम्सा अल-मामरी, वय वीस, घर शिनासला,
बापाची मासेमारीची होडी.
कंपनीच्या कागदावर : प्रशिक्षणार्थी, अठरा महिने.
त्याच कागदावर, दोन ओळी खाली :
परब, लिफ्टिंग इन्स्पेक्टर, मुदत अठरा महिने.
दोन्ही अठरा एकच आहेत
हे कळायला मला जेवणाची सुट्टी लागली.

मला शिकवलं गफारमिस्त्रीनं, दारूखान्यात.
चुकलं की पाना मनगटावर,
आणि मग तेच मनगट धरून
माझी बोटं साखळीवर फिरवायचा :
इथं झिजलीय. कळलं? इथं.
ती कडी अजून माझ्या बोटांत आहे.

शम्साचा हात मी धरू शकत नाही.
मग शब्द शोधावे लागले,
मिस्त्रीनं मला कधी न दिलेले,
मोडक्या अरबीत, अर्ध्या हिंदीत.
वायररोपवरून फडकं ने, सैल धरून.
अडकेल तिथं तार तुटलीय.
अडकेल म्हणजे किती?
करवंदीच्या जाळीत लुगडं, म्हणालो,
आणि माझं मलाच हसू आलं.
ती थोडा वेळ गप्प.
समरच्या काट्याला अबाया अडकतो, तेवढं?
तेवढंच.

एकदा चेनकुप्पीचा ब्रेक उघडून दाखवला.
दातेरी चाक, त्यावर टेकलेलं लोखंडी बोट.
आमच्यात याला कुत्रं म्हणतात.
कुत्रं धरतं, म्हणून माल वर राहतो.
चकत्यांना तेल लावायचं नाही, कुणी कितीही सांगो.
कल्ब? ती हसली.
मी तिच्यामागून म्हटलं, तर मान हलवते :
बरब, तू काळीज म्हणालास.
दोहोंतला फरक माझ्या जिभेला जमत नाही,
माझा प तिच्या ओठांना.
तेव्हापासून आमच्या तीन टनी कुप्पीला
काळीज आहे. टिक, टिक,
ओझं वर जाताना ऐकू येतं.

मग त्या तिमाहीत, निळ्या पट्ट्या जाऊन
पिवळ्या लागत होत्या तेव्हा,
मी पास केलेला एक हुक तिनं परत टेबलावर ठेवला.
लाल रंग फवारला. पुसला. वरून पांढरा.
बराच वेळ काही नाही.
मग मानेशी, आटे संपतात तिथं,
केसाएवढी लाल रेघ
आपणहून, सावकाश, वर आली.
तिनं माझ्याकडे पाहिलं नाही,
टॅगची तार पिळत बसली,
जणू चूक तिच्या हातून झाली होती.
मी चष्मा पुसला. काचेवर काही नव्हतं.
मिस्त्री असता तर पाना उचलला असता,
कुणावर, ते सांगता येत नाही.

आज सव्वापट वजन टांगलंय, पावणेचार टन.
दहा मिनिटं नुसतं बघायचं, खाली सरकतं का.
साखळीवर खडूची खूण.
सर्टिफिकेटवर सही तिची, उजवीकडून निघालेली,
खाली साक्षीदाराच्या जागेवर मी.
ती घड्याळ बघते, मी खडू.
सातव्या मिनिटाला विचारते :
बरब, तुझ्या गावात काय उचलतात?
होडी, मी म्हणतो. पावसाळ्याआधी,
ओंडक्यांवरून, खांदे लावून.
आमच्याकडेही होडीच, ती म्हणते.
पण आता ट्रॅक्टर आहे.

खडूची रेघ हललेली नाही.
अजून तीन मिनिटं.